आलेखाच्या खिडकीतील बटणे कोणाच्या कामाची?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीत ‘डेटा’, ‘पायथॉन’ आणि ‘आलेखन’ हे शब्द आता वारंवार भेटतात, आणि कर्वे रस्त्यापासून अप्पा बळवंत चौकापर्यंतच्या क्लासच्या पाट्यांवरही तेच दिसतात. मुले आलेख काढायला शिकत आहेत याचा मला आनंद आहे. मात्र आलेख काढून झाल्यावर तो ज्या खिडकीत उघडतो, तिच्या कडेची बटणांची पट्टी, म्हणजे टूलबार, आणि त्यातले एखादे बटण दाबल्यावर प्रत्यक्ष काम करणारा कॉलबॅक, यांविषयी कोणी लिहिल्याचे किंवा शिकवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ही पट्टी सॉफ्टवेअरबरोबर जशी येते तशीच वापरायची, असा समज सर्वत्र दिसतो. तो बदलावा, आणि आलेख ज्याला रोज पाहायचा आहे त्याच्या कामाप्रमाणे ती पट्टी बांधून देण्याची रीत पुण्यातल्या महाविद्यालयांत व उद्योगांत पडावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील बांधकाम साहित्याच्या एका चाचणी प्रयोगशाळेत मी अठरा वर्षे उपकरणांचे आणि संगणकांचे काम पाहते. बाणेर, वाघोली, हिंजवडी अशा ठिकाणच्या साइटवरून सळयांचे तुकडे आमच्याकडे येतात. तुकडा यूटीएमच्या, म्हणजे नमुना ओढून ताण मोजणाऱ्या यंत्राच्या, जबड्यात धरून तुटेपर्यंत ओढायचा आणि त्याचा स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह, म्हणजे ताण वाढतो तशी लांबी किती वाढते याचा आलेख, काढायचा, हे रोजचे काम. आयएस १७८६ या मानकाप्रमाणे एफई ५०० प्रतीच्या सळईचा प्रूफ स्ट्रेस, म्हणजे ज्या ताणाला सळई कायमची नमू लागते तो, दर चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन भरावा लागतो. १२ मिलिमीटर व्यासाच्या सळईचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मिलिमीटर असते, म्हणजे साधारण ५६.५ किलोन्यूटनांच्या आतच ती नमली तर तो नमुना नापास. पुष्कळ सळयांच्या आलेखात नमण्याची जागा ठळक दिसत नाही, म्हणून ०.२ टक्के विकृतीपासून (विकृती म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ) सुरुवातीच्या सरळ भागाला समांतर रेघ काढतात आणि ती वक्राला जेथे छेदते तो आकडा धरतात. हे बारकाईने पाहण्यासाठी आलेखाचा डावीकडचा चिंचोळा भाग मोठा करून घ्यावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात याच मोठे करण्यातून एक चूक झाली. आमचे यंत्र चालवणारे गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, अनुभवाने माझ्याहून मोठे आहेत आणि सळईचा आवाज ऐकून ती कधी तुटणार हे सांगतात. त्यांनी भिंगाचे बटण दाबून सुरुवातीचा भाग मोठा केला, आकडा बरोबर टिपला आणि फ्लॉपीचे चित्र असलेले बटण दाबून आलेख जतन केला. ते बटण पडद्यावर त्या क्षणी जेवढे दिसते तेवढेच चित्र जतन करते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी साइटवरच्या अभियंत्याचा फोन आला, “मॅडम, तुमच्या आलेखात सळई तुटलेलीच नाही.” तक्त्यातले आकडे अचूक होते, पण आलेख १ टक्का विकृतीपाशीच संपलेला होता. अहवाल मागे घ्यावा लागला, नव्याने सही झाली आणि त्या साइटचा स्लॅब दोन दिवस लांबला. दादांना अतिशय वाईट वाटले. मला अधिक वाईट याचे वाटले की चूक त्यांची नव्हतीच. त्यांच्या कामासाठी त्या खिडकीत बटणच नव्हते.

आमचे आलेख पायथॉन या संगणकीय भाषेतील मॅटप्लॉटलिब या मुक्त सॉफ्टवेअरने काढले जातात. जॉन हंटर या मज्जासंस्थेच्या संशोधकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-नोंदी पाहता याव्यात म्हणून ते स्वतः लिहायला घेतले आणि २००३ मध्ये सर्वांना खुले केले. २०१२ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले, पण आज जगभरच्या प्रयोगशाळांत ते वापरले जाते. ज्या माणसाने आपल्या कामाला हवे तसे साधन मिळेना म्हणून ते स्वतः घडवले, त्याचे साधन आपण मात्र आल्या रूपात वापरत राहतो, याची मला खंत वाटते. त्याच्या पट्टीत मुळात सात बटणे असतात. घर, मागे, पुढे, सरकवणे, मोठे करणे, आलेखांमधील अंतरे बदलणे आणि जतन करणे. क्यूटी (खिडक्या आणि बटणे काढणारे एक सॉफ्टवेअर) प्रकारच्या खिडकीत आणखी एक बटण येते, ज्यातून अक्षांच्या मर्यादा आणि रेघेचे रूपही बदलता येते. संशोधकाला ती सगळी उपयोगी आहेत. सळई तपासणाऱ्याला त्यांतली निम्मी नकोत, आणि शेवटचे तर चाचणीच्या जागी असूच नये, कारण अनवधानाने अक्षाची मर्यादा बदलली तर आलेख वेगळेच काही सांगू लागतो. “मॅडम, हे घर कशाचं?” असे दादांनी मला पूर्वी एकदा विचारले होते. मी “मूळ आलेख परत येतो” असे घाईत उत्तर देऊन पुढे गेले होते. तो प्रश्न त्याच दिवशी नीट ऐकायला हवा होता.

त्या प्रसंगानंतरच्या रविवारी मी ती पट्टी उघडून पाहिली. एवढी मोठी गोष्ट इतकी साधी असेल असे वाटले नव्हते. मॅटप्लॉटलिबच्या टूलबारमध्ये ‘टूलआयटम्स’ नावाची एक यादी असते आणि तिच्यातील प्रत्येक बटणासाठी चार नोंदी असतात, त्या म्हणजे बटणाचे नाव, त्यावर माउस नेल्यावर दिसणारी सूचना, चित्राच्या फाइलचे नाव, आणि बटण दाबल्यावर जे फंक्शन (प्रोग्रामचा नाव दिलेला तुकडा) चालवायचे त्याचे नाव. मूळ टूलबारवरून आपला टूलबार वारसा पद्धतीने, म्हणजे मूळचे गुण जसेच्या तसे घेऊन, तयार करायचा, नको असलेल्या ओळी गाळायच्या, हव्या त्या घालायच्या आणि चौथ्या नोंदीतल्या नावाचे फंक्शन खाली लिहायचे, इतकेच काम. चित्रे मात्र त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमधून घेतली जातात, त्यामुळे आपले चित्र वापरायचे असेल तर क्यूटीच्या ‘ॲड ॲक्शन’ या सोयीने बटण जोडणे सोपे जाते. आमच्या पट्टीत आता पाच बटणे आहेत. ‘पूर्ण आलेख’, ‘मोठे करा’, ‘सरकवा’, ‘प्रूफ’ आणि ‘अहवाल’.

यातले ‘अहवाल’ हे बटण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते दाबल्यावर त्याचा कॉलबॅक प्रथम आलेख पूर्ण रूपात परत आणतो, मग नमुना क्रमांक आणि तारीख शीर्षकात घालतो, इंचाला ३०० ठिपके या दर्जाने चित्र काढतो आणि नमुना क्रमांकाच्याच नावाने त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. नमुना क्रमांक भरलेला नसेल तर तो काम नाकारतो आणि क्रमांक भरायला सांगतो. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर ती पुसत नाही, नव्या फाइलला पुढचा अनुक्रमांक देतो. पूर्वी जतन करताना फोल्डर विचारणारी चौकट उघडत असे आणि ‘फिगर १’ अशा नावाच्या फाइली चार-चार ठिकाणी साठत. लेखापरीक्षणाच्या आधी त्या शोधण्यात आमची एक दुपार जात असे. आता दादांना एकही प्रश्न विचारला जात नाही, आणि भिंगातून पाहिलेला अर्धा आलेख बाहेर जाण्याची वाटच उरलेली नाही.

कॉलबॅक या शब्दाला विद्यार्थी बिचकतात, असे मी उमेदवारीसाठी येणाऱ्या मुलांकडे पाहून सांगू शकते. वास्तविक गॅरेजमध्ये दुचाकी टाकताना आपण जे करतो तेच हे आहे. आपण तेथे बसून राहत नाही, नंबर लिहून देतो आणि सांगतो, “गाडी झाली की फोन करा.” प्रोग्रामही बटणाला आपल्या फंक्शनचे नाव लिहून देतो आणि आपल्या कामाला लागतो, बटण दाबले गेले की खिडकी त्या नावाने हाक मारते. मुलांची पहिली चूक येथेच होते. नाव द्यायचे असते तेथे ती नावापुढे कंस लिहितात, आणि कंस लिहिला की फंक्शन त्याच क्षणी चालते. नंबर लिहून देण्याऐवजी तेथेच फोन लावण्यासारखे ते आहे. मग खिडकी उघडताच एक रिकामा अहवाल तयार होतो, आणि पुढे बटण दाबले तर काहीच होत नाही.

दुसरी चूक माझ्या हातूनही झाली आणि ती सापडायला मला दोन संध्याकाळी लागल्या. आमच्याकडे १०००, ४०० आणि १०० किलोन्यूटन क्षमतेची तीन यंत्रे आहेत. पट्टीव्यतिरिक्त प्रत्येकाचे ताजे वाचन उघडणारे एकेक बटण हवे होते, म्हणून मी एका लूपमध्ये, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या ओळींत, तिन्ही बटणे तयार केली आणि प्रत्येकाला लॅम्डा, म्हणजे बिननावाचे छोटे फंक्शन, लिहून दिला. कोणतेही बटण दाबले तरी १०० किलोन्यूटनच्या यंत्राचे वाचन उघडे. कारण असे की लॅम्डा यंत्राचे मूल्य स्वतःजवळ ठेवत नाही, तो फक्त त्या चलाचे, म्हणजे मूल्य ठेवण्याच्या कप्प्याचे, नाव लक्षात ठेवतो आणि बटण दाबण्याच्या वेळी त्या नावात काय आहे ते पाहतो. तोवर लूप संपून त्यात शेवटचे यंत्र उरलेले असते. लॅम्डाच्या आर्ग्युमेंटमध्येच यंत्राचे मूल्य पूर्वनिश्चित करून दिले, किंवा फंक्शनला मूल्य आधीच बांधून देणारी ‘पार्शल’ ही सोय वापरली, की प्रत्येक बटण आपापले यंत्र धरून राहते. सळईच्या चाचणीत एका यंत्राचे वाचन दुसऱ्याच्या नावावर जाणे किती घातक आहे हे सांगायला नको.

आलेखाच्या आतच बटण काढण्याचीही सोय मॅटप्लॉटलिबमध्ये आहे आणि तेथे वेगळाच फसवा प्रकार घडतो. फंक्शनच्या आत बटण तयार केले आणि ते कोठेही धरून ठेवले नाही, तर फंक्शन संपताच पायथॉनच्या दृष्टीने त्याला कोणी वाली उरत नाही. पडद्यावरचे चित्र तसेच राहते, पण दाबले तर ते ढिम्म हलत नाही. क्लिकसारख्या घटनांची जोडणी करताना हे सॉफ्टवेअर वस्तूच्या पद्धतींना (तिच्या फंक्शनांना) जाणीवपूर्वक सैल धरते, म्हणजे ती वस्तू आपणच कोठे तरी सांभाळून ठेवायची असते. उपाय एका ओळीचा आहे, पण तो ठाऊक नसेल तर माणूस संगणकच बदलायला निघतो.

‘प्रूफ’ बटणाची कथा थोडी सविस्तर सांगते, कारण बटणे एकमेकांच्या वाटेत कशी येतात ते तिच्यात दिसते. हे बटण दाबल्यावर वक्राच्या सरळ भागावर दोन ठिकाणी क्लिक करायचे, म्हणजे कॉलबॅक त्या दोन बिंदूंमधील वाचनांवरून उतार काढतो, ०.२ टक्क्यांपासून समांतर रेघ आखतो आणि छेदबिंदूवर आकडा लिहितो. पहिल्याच दिवशी दादांनी ‘मोठे करा’ चालू ठेवूनच ‘प्रूफ’ दाबले. मोठे करण्यासाठी त्यांनी चौकट ओढली, आणि त्या चौकटीचा आरंभ माझ्या कॉलबॅकने पहिला बिंदू म्हणून धरला. रेघ भलत्याच उताराची आली. एक क्लिक दोघांनाही ऐकू जाते, हे माझ्या ध्यानात नव्हते. आता माझा कॉलबॅक प्रथम टूलबारचा ‘मोड’, म्हणजे त्या क्षणी कोणते बटण चालू आहे ते, तपासतो आणि मोठे करणे किंवा सरकवणे चालू असेल तर क्लिककडे लक्ष देत नाही. याच्याही पुढची सोय ‘टूलमॅनेजर’ या नव्या पद्धतीत आहे, जी २०१५ च्या १.५ आवृत्तीत आली. तेथे आलटून-पालटून चालू-बंद होणारी बटणे एका गटात टाकता येतात आणि गटातले एक चालू झाले की दुसरे आपोआप बंद होते. ती पद्धत अजून प्रायोगिक म्हणून दिली जाते आणि सुरू करताना तशी सूचनाही दाखवते, त्यामुळे रोजच्या चाचणीच्या यंत्रावर मी ती वापरलेली नाही.

घराच्या बटणाचीही एक खोड येथे सांगायला हवी. ते बटण ‘मूळ आलेख’ दाखवते म्हणजे नेमके काय? टूलबार आपण केलेले बदल एकावर एक रचून ठेवतो आणि घराचे बटण त्या रचणीतल्या सर्वांत खालच्या दृश्यावर जाते. एकाच खिडकीत पहिल्या सळईनंतर दुसरी उघडली, तर ती रचणी पहिल्या सळईचीच असते, आणि घर दाबताच दुसऱ्या सळईचा आलेख पहिल्या सळईच्या मर्यादांत दिसू लागतो. जी अधिक ताणली गेली तिचे टोक पुन्हा कापले जाते. नवे वाचन भरल्यावर टूलबारच्या ‘अपडेट’ला एकदा हाक मारली की जुनी रचणी पुसली जाते. माझे ‘अहवाल’ बटण याच घराच्या कृतीवर अवलंबून असल्याने, ही एक ओळ राहिली असती तर ज्या चुकीसाठी बटण केले तीच चूक बटणानेच केली असती.

बटण दाबले आणि काहीच झाले नाही, यासारखी दुसरी अस्वस्थ करणारी गोष्ट नाही. कॉलबॅकमध्ये चूक झाली तर तिचा तपशील काळ्या खिडकीत, म्हणजे कन्सोलमध्ये, छापला जातो. पण कामाच्या जागी प्रोग्राम काळ्या खिडकीशिवाय सुरू केलेला असतो आणि तो तपशील हवेत विरतो. म्हणून आमच्या प्रत्येक कॉलबॅकभोवती मी एक कुंपण घातले आहे. चूक झाली की मराठीत संदेश दिसतो आणि तपशील नोंदवहीच्या फाइलमध्ये जातो. तसेच दिवसाचे चाळीस अहवाल एकत्र पीडीएफ करण्याच्या, पट्टीबाहेरच्या बटणाचे काम मी आरंभी थेट कॉलबॅकमध्येच ठेवले होते. ते चालू असताना खिडकी गोठलेली दिसे, दादा पुन्हा बटण दाबत आणि काम संपताच तेच पुन्हा सुरू होई. आता ते काम वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे खिडकीला न अडवता समांतर, चालते आणि संपेपर्यंत बटण राखाडी राहते.

संदेश मराठीत, हे मी मुद्दाम लिहिले. मॅटप्लॉटलिबच्या आलेखात देवनागरी शीर्षक लिहू पाहणाऱ्यांना नुसते चौकोन दिसतात, कारण त्याच्या डेजाव्हू सॅन्स या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. फॉन्ट बदलला तरी आम्ही वापरत असलेल्या आवृत्तीत ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे विस्कटतात. त्यावरून पुष्कळांनी असे ठरवून टाकले आहे की या सॉफ्टवेअरला मराठी चालत नाही. पट्टीवरची बटणे मात्र आलेखाचे इंजिन काढत नाही, ती क्यूटी काढते, आणि तेथे ‘पूर्ण आलेख’, ‘क्रमांक भरा’ ही अक्षरे शुद्ध उमटतात. आमच्या बटणांवर आता चित्राखाली मराठी नाव आहे. फ्लॉपी कधीही न पाहिलेल्या विशीतल्या मुलालाही ‘अहवाल’ हा शब्द कळतो.

हे सारे एकाच सॉफ्टवेअरपुरते आहे असे कोणी समजू नये. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये ‘यूआयटूलबार’ तयार करून त्यात दाबण्याचे किंवा चालू-बंद राहणारे बटण घालता येते आणि त्याच्या ‘क्लिक्ड कॉलबॅक’मध्ये आपले फंक्शन देता येते. २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मोठे करणे, सरकवणे ही बटणे खिडकीच्या पट्टीतून निघून आलेखाच्या कोपऱ्यात, माउस नेला की दिसतील अशी आली. त्या वेळी अनेकांचा गोंधळ झाला, पण ‘ॲड टूलबार एक्सप्लोरेशन बटन्स’ ही एक ओळ लिहिली की ती जुन्या जागी परत येतात. वेबपानांवर चालणाऱ्या प्लॉटली या आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीला मोडबार म्हणतात. तिच्यातील नको ती बटणे नावे देऊन काढता येतात आणि कॅमेऱ्याच्या बटणाने निघणाऱ्या चित्राचे नाव, आकार आणि प्रकार आधीच ठरवून देता येतो. तेथे एक पथ्य पाळावे लागते. पायथॉनमधून काढलेला आलेख शेवटी ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे स्वतःच्या नव्या बटणाचा कॉलबॅक जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेत लिहावा लागतो. पायथॉनचे फंक्शन तेथे पोहोचत नाही.

कामाप्रमाणे घडवलेल्या पट्टीचे मला आवडणारे उदाहरण पुण्याच्या जवळचेच आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस ॲंटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींच्या निरीक्षणांत माणसांनी निर्माण केलेल्या रेडिओ लहरींचा उपद्रव मिसळतो आणि तो वेचून काढावा लागतो. या कामासाठी खगोलशास्त्रज्ञ वापरतात त्या कासा सॉफ्टवेअरच्या ‘प्लॉटएमएस’ या आलेख-खिडकीत भाग आखण्याचे, आखलेला भाग बाद करण्याचे, बाद केलेला परत घेण्याचे आणि तो कोणत्या निरीक्षणातला हे शोधण्याचे, अशी स्वतंत्र बटणे आहेत. त्या खिडकीचा टूलबार पाहूनच तेथे कोणते काम चालते ते कळते. यूटीएमच्या खिडकीकडे पाहूनही ते कळावे, इतकीच माझी अपेक्षा आहे.

आता तक्रारीचा भाग. आमच्या एका यंत्राबरोबर पुरवठादाराने स्वतःचे आलेखाचे सॉफ्टवेअर दिले. त्याच्या पट्टीत बावीस बटणे आहेत आणि त्यांतली चार आम्ही वापरतो. उरलेली लपवता येतील का, जतन करण्याच्या बटणाला आमचे फाइलनाव देता येईल का, असे विचारले तेव्हा प्रत्येक बदलाला वेगळे शुल्क पडेल आणि मुदत सांगता येणार नाही, असे उत्तर मिळाले. वाचने उघड्या स्वरूपात बाहेर काढता येतात, म्हणून आम्ही तो आलेख बाजूला ठेवून आपला काढला. ज्यांची वाचनेही आतच कोंडलेली असतात त्यांना हा मार्गही नसतो. चाकण, तळेगाव, रांजणगाव येथील कारखान्यांत अशी कितीतरी यंत्रे येतात आणि खरेदीच्या वेळी क्षमता, अचूकता, हमी यांची कसून विचारणा होते. त्याच कागदावर आणखी दोन ओळी असाव्यात, अशी खरेदी करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. टूलबारमधील बटणे आम्हाला काढता आणि घालता येतील का, आणि आमच्या बटणामागे आमचे फंक्शन जोडता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर तेथे बसणाऱ्या माणसाला पुढची पंधरा वर्षे दुसऱ्याच्या सोयीने काम करावे लागणार आहे, हे किमतीत धरावे.

दुसरी विनंती अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि आयटीआयना आहे. प्रात्यक्षिकात विद्यार्थी आलेख काढतो, त्याचा छापील कागद वहीत चिकटवतो आणि गुण मिळवतो. तो आलेख दुसऱ्या माणसाने हाताळायचा आहे, हा विचार त्या प्रात्यक्षिकात येतच नाही. एका सत्रात एकच प्रात्यक्षिक असे द्यावे की, विद्यार्थ्याने कार्यशाळेतील एखाद्या तंत्रज्ञाजवळ तासभर बसावे, तो आलेखाचे काय करतो ते लिहून काढावे, आणि त्याच्यासाठी नको ती बटणे काढून दोन नवी बटणे करून द्यावीत. गुण त्या तंत्रज्ञाने द्यावेत. कंस, लॅम्डा, धरून न ठेवलेले बटण, गोठलेली खिडकी हे सगळे धडे त्या दोन बटणांत येऊन जातात. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही ऐकवले आहेत; हा विषय त्या धाटणीने मराठीत सांगायला कोणी पुढे आले तर आयटीआयच्या मुलांपर्यंत तो सहज पोहोचेल.

आपल्या पुरवणीतही या विषयाला अर्धे पान मिळावे अशी विनंती करते. आमच्या पाच बटणांचा प्रोग्राम दीडशे ओळींहून मोठा नाही. प्रयोगशाळेच्या संचालकांनी तो देण्यास लेखी परवानगी दिली आहे आणि आपण मागवल्यास टिपणांसह मी पाठवीन. मागच्या आठवड्यात दादांनी सहावे बटण मागितले. सळई एक्स्टेन्सोमीटरच्या, म्हणजे लांबीतली वाढ मोजणाऱ्या उपकरणाच्या, खुणांच्या बाहेर तुटली तर तसा शेरा आलेखावर आपोआप पडावा, असे त्यांचे म्हणणे आहे. ते बटण मी या रविवारी करणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
चाचणी प्रयोगशाळेतील एक अभियंता, भोसरी, पुणे